ऋतूंचे दागिने, हातांची मजुरी

दुर्ग आणि भिलाई या जोडशहरांत बोरसी नावाची वस्ती आहे. तेथे आमचे सध्याचे बिऱ्हाड आहे. ‘सध्याचे’ हा शब्द आम्ही जाणूनबुजून घातला आहे; केंद्र सरकारच्या नोकरीत बिऱ्हाडाला दुसरे विशेषण शोभत नाही. उत्तरेकडील बोलींत बोरसी म्हणजे निखारे ठेवण्याची मातीची शेगडी. छत्तीसगढीत तिलाच गोरसी म्हणतात. वस्तीचे नाव त्यावरून पडले, असा आमचा दावा नाही. पण गेल्या पौषात याच बोरसीत एका शेगडीपुढे बसून आम्हाला जो हिशोब सुचला, तो प्रस्तुत लेखाचे निमित्त झाला आहे.

प्रसंग घरगुती होता. आमच्या चिरंजिवांचे पहिले बोरनहाण करावयाचे होते. परमुलखात असे सण गावच्यापेक्षा अधिक कसोशीने साजरे होतात, हा अनुभव आमच्या वाचकांपैकी बहुतेकांना असेलच. मुकुट, हार, बाजूबंद, मनगट्या आणि बासरी असा हलव्याच्या दागिन्यांचा साज हवा होता. जवळच राहणाऱ्या एक काकू दर हिवाळ्यात असे दागिने करून देतात. त्या मूळच्या नागपूरकडच्या. यजमानांच्या नोकरीनिमित्त भिलाईस आल्या आणि यजमान गेल्यावर येथेच राहिल्या. त्यांनी साजाचे बाराशे रुपये सांगितले. आम्ही हजारावर आणले आणि दोनशे रुपये वाचवल्याच्या समाधानात घरी परतलो.

चार दिवसांनी चौकशीला गेलो, तेव्हा काकू शेगडीपुढे बसल्या होत्या. परातीत खसखस होती. एकतारी पाक चमच्याने थेंब थेंब सोडायचा आणि मंद आचेवर बोटांच्या टोकांनी ते दाणे सतत हलवत राहायचे, असे काम चालले होते. परात तापली की बोटे भाजतात; हात थांबला की दाणे एकमेकांना चिकटतात. एका बैठकीत काम संपत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाक, पुन्हा आच, पुन्हा बोटे, असे दिवसामागून दिवस पुटे चढत जातात, तेव्हा कोठे दाण्याला काटा फुटतो. हवा कोरडी व थंड असावी लागते. आभाळ आले की काटा बसतो. याच हवेमुळे हा अलंकार हिवाळ्याचा आहे, पंचांग त्यानंतरचे.

आमचा व्यवसाय बिले तपासण्याचा. घरी येताना वाटेतच मनात हिशोब मांडला गेला. साखर, खसखस, तीळ, जर, पुठ्ठा, कोळसा मिळून सामानाचे सुमारे दोनशे ऐंशी. उरले सातशे वीस. आठ दिवस, दररोज चार तास, म्हणजे बत्तीस तास. तासाला साडेबावीस रुपये! आम्ही कापलेले दोनशे रुपये साखरेतून कापले गेले नव्हते, कारण साखरेचा भाव दुकानदाराने ठरवलेला असतो. ते कापले गेले होते ते केवळ त्या बोटांच्या मजुरीतून.

दागिन्याची किंमत म्हणजे नेमकी कशाची किंमत, हा प्रश्न त्या दिवसापासून आमच्या मागे लागला. त्याचे उत्तर शोधायचे तर थोडे मागे जावे लागते.

आपल्या अलंकारांची नावे पाहिली तर एक गोष्ट चटकन ध्यानात येते. बोरमाळ बोराच्या आकाराची, जोंधळी पोत जोंधळ्याच्या दाण्याची, चिंचपेटीच्या नावात चिंच, बकुळीहारात बकुळीचे फूल. आपल्या पूर्वजांनी सोन्याला शेताबागेतील आकार दिले. हंगामाच्या नवलाईचे आकर्षण मानवी आहे; ते पॅरिसहून आयात करावे लागले नाही. फरक एवढाच की, आपल्याकडे ऋतू दागिन्यात शिरला तो कायमचा राहण्यासाठी. एकदा घडलेली बोरमाळ सासूकडून सुनेकडे आणि सुनेकडून नातसुनेकडे जाई. बोरांचा हंगाम दरवर्षी संपे. बोरमाळेचा संपत नसे.

आणि ती मोडायची वेळ आलीच, तरी घर बुडत नसे. सोनाराच्या हिशोबात तीन रकमा असतात: धातूचे मोल, घट आणि घडणावळ. दागिना मोडीत काढला तर घट आणि घडणावळ जाते, धातू शिल्लक राहतो. म्हणजे आवड बदलली, घडण जुनी झाली, तरी नुकसानीला एक तळ असे. पुतळ्यांच्या माळेत तर ही गोष्ट उघडच दिसते. व्हेनिसच्या डुकाट या सोन्याच्या नाण्यावर संत मार्क आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेला तेथील राज्यप्रमुख यांच्या आकृती असत. आपल्या लोकांनी त्या आकृतींना पुतळ्या म्हटले आणि नाण्याचेच नाव पुतळी पडले. नाण्यांना कडी लावून ती ओवली की माळ तयार. व्हेनिसचे प्रजासत्ताक १७९७ मध्ये लयाला गेले. मराठी गळ्यातील पुतळ्यांची माळ मात्र टिकून राहिली.

हीच पुतळी छत्तीसगढात पुतरी म्हणून भेटते, तेव्हा परमुलखात आप्त भेटल्यासारखे वाटते. या प्रदेशाशी आपला संबंध जुना आहे. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करपंत या बाजूने आले. पुढे बिंबाजी भोसल्यांनी १७५८ ते १७८७ पर्यंत रतनपूर येथे राहून कारभार केला. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. तरीही १९५६ पर्यंत दुर्ग जिल्ह्याची राजधानी नागपूरच होती. राज्य करणाऱ्यांच्या स्मृती पुसट होतात; स्त्रियांच्या गळ्यातील शब्द टिकतात. पुतरीबरोबर येथे चांदीच्या रुपयांची रुपिया माला आहे, गळ्यातील ताठ सुतिया आहे, दंडावरची नागमोरी, मनगटातील पिळाची ऐंठी, कमरेचे करधन आणि पायातील तोडे आहेत. धानाचे पीक घरात आले, पौष पौर्णिमेला छेरछेऱ्याची मुले दारोदार धान मागून गेली, मडईचे मेळे भरू लागले, की शिलकीतून चांदी घेण्याचे दिवस येत. पुढच्या आषाढात बियाण्याला पैसा कमी पडला, तर तीच चांदी गहाण पडे. येथील शेतकरणीचा दागिना ही तिची पेढी होती. आपल्या आज्या-पणज्यांच्या पेटीतील दागिनाही याहून निराळा नव्हता.

जुन्या गावगाड्यात सोनार कित्येक ठिकाणी बलुतेदारांत मोडे आणि सुगीला त्याचा वाटा त्याला धान्याच्या रूपाने मिळे. ती व्यवस्था आदर्श होती असे आम्ही म्हणणार नाही. तिने माणसाला जातीशी आणि गावाशी जखडले होते, आणि वाटा कमी पडला तर दाद कोठे मागायची हाही प्रश्नच होता. तथापि एक गोष्ट तिच्यात होती: कारागिराचे पोट चालू वर्षाच्या आवडीनिवडीवर टांगलेले नव्हते.

मग दागिन्यात रंगाचे राज्य केव्हा आले? रंगीत मणी फार जुने. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठण आणि तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर, या दोन बाजारपेठांचा उल्लेख आहे. पैठणहून अकीकासारखे दगड बिनरस्त्याच्या मुलखातून गाड्यांवर लादून भडोच बंदराकडे जात, असे त्यात नमूद आहे. म्हणजे परदेशी गिऱ्हाइकासाठी रंगीत दगड निवडणारा मराठी मुलखातील माणूस दोन हजार वर्षांपूर्वीही होता. त्याला त्या दगडाचे काय मिळाले, हे मात्र पेरिप्लसकाराने लिहिले नाही. व्यापाराच्या इतिहासात मालाचे नाव असते, बंदराचे नाव असते; हाताचे नाव नसते.

दगड दुर्मिळ होता, म्हणून त्याला स्वतःचे मोल होते. काचेने आणि रसायनाने चित्र पालटले. १८५६ मध्ये लंडनच्या पर्किन या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याला कोळशाच्या डांबरापासून जांभळा रंग मिळाला आणि रंग स्वस्त झाला. बोहेमियातील गाब्लोन्झ, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातील याब्लोनेत्स, या गावच्या कारखान्यांतून हिंदुस्थानी मनगटांच्या मापाच्या काचेच्या बांगड्या आणि मणी येथे उतरू लागले. आपल्या कासाराच्या पेटीत परदेशी बांगडी शिरली. प्रा. धनंजयराव गाडगीळ यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात देशी हस्तव्यवसायांच्या ऱ्हासाची जी कारणे दिली, त्यांत दरबारांचा लोप आणि गिऱ्हाइकांची बदललेली अभिरुची यांना मोठे स्थान आहे. यंत्राइतकीच आवडही कारागिराला मारते, हे त्यांनी दाखवून दिले.

या आक्रमणाला महाराष्ट्राने दिलेले एक उत्तर विसरता येण्यासारखे नाही. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागून पैसा फंड उभारला. लोकमान्य टिळकांचा त्याला पाठिंबा होता. त्या फंडातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना निघाला, आणि परदेशी शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांच्या हाताखाली तेथे काचकामाचे शिक्षणही दिले जाऊ लागले. स्वदेशीने गिऱ्हाइकाला प्रथमच असा प्रश्न विचारायला शिकवले की, मी दिलेला पैसा जातो कोठे? मात्र तिचा मुख्य रोख देशाकडे होता. देशातल्या देशात तो पैसा कोणाच्या हाती पडतो, हा पुढचा प्रश्न होता.

इकडे युरोपात ऋतूंना निराळेच काम लावले गेले होते. चौदाव्या लुईच्या कारकिर्दीत फ्रान्सने रेशमाच्या धंद्याला राजाश्रय दिला, आणि १६७२ मध्ये सुरू झालेल्या ‘मर्क्यूर गालां’ या नियतकालिकाने दरबारी पोशाखाच्या नव्या पद्धतींची वर्णने ऋतूवारीने छापण्यास प्रारंभ केला. गेल्या हिवाळ्याचे वस्त्र अजून धड आहे, पण ते गेल्या हिवाळ्याचे आहे, ही लाज गिऱ्हाइकाच्या मनात पेरली की माग बंद पडत नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील कापडधंद्याने एक संस्था काढून येत्या हंगामाचे रंग आगाऊ ठरवण्यास आरंभ केला, आणि इ. स. २००० पासून पँटोन ही कंपनी दरवर्षी ‘वर्षाचा रंग’ घोषित करीत आली आहे. आपल्याकडे ऋतू निसर्गाने यायचा आणि रंग त्याच्या मागून यायचा. तिकडे रंग कार्यालयात ठरतो आणि ऋतूने त्याच्या मागून यायचे असते.

हे वारे कोंडागावपर्यंत पोहोचले आहे. बस्तरचे घडवा कारागीर मातीच्या गाभ्यावर मेणाचे धागे गुंडाळतात, त्यावर पुन्हा मातीचा लेप देतात, आणि मेण वितळून गेलेल्या पोकळीत तापलेला धातूचा रस ओततात. साचा फोडल्यावरच वस्तू हाती येते. म्हणून एका साच्याची दुसरी वस्तू नाही. पूर्वी हे हात देवतांच्या मूर्ती, दिवे आणि आसपासच्या गोंड-मुरिया वस्त्यांतील दागिने करीत. आता शहरी गिऱ्हाइकासाठी ते पदके आणि मणीही ओततात, आणि ते रंगीत धाग्यांत ओवून प्रदर्शनांत मांडले जातात. पदक तेच राहते. धागा या वर्षी मोरपिशी, पुढच्या वर्षी आणखी कोणता. येथवर तक्रारीचे कारण नाही. नवे गिऱ्हाईक मिळणे ही आनंदाचीच गोष्ट आहे. तक्रार उद्भवते ती मागणी फिरते तेव्हा. पदकातील पितळ भंगारच्या भावाने तरी जाईल. ओवणाऱ्या बाईच्या धाग्याचे, मण्यांचे आणि तिच्या चार रात्रींचे काय? रंगीत दागिन्यात धातूचा तो तळच उरलेला नाही. त्यात जे काही मोल आहे, ते हाताचे आणि नजरेचे. आणि ऋतू पालटला की बुडते तेही तेवढेच.

दुसऱ्या महायुद्धानंतर जगात न्याय्य व्यापाराची जी चळवळ उभी राहिली, तिचा आरंभ अशाच हातांपासून झाला. १९४६ मध्ये एड्ना रूथ बायलर या अमेरिकन मेनोनाइट बाईंनी पोर्तो रिकोतील गरीब स्त्रियांचे भरतकाम पाहिले आणि ते स्वतः नेऊन आपल्या ओळखीच्या मंडळींत विकण्यास सुरुवात केली. मधला दलाल गेला की करणारीच्या पदरात अधिक पडते, एवढेच साधे गणित त्यामागे होते. आपल्याकडे १९५२ मध्ये केंद्र सरकारने अखिल भारतीय हस्तव्यवसाय मंडळ स्थापन केले आणि कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी त्याची धुरा वाहिली. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांची व्यापार व विकास परिषद नवी दिल्लीस भरली. मदत नको, व्यापार हवा, ही गरीब राष्ट्रांची मागणी त्या सुमारास जगापुढे जोराने मांडली गेली. पुढच्याच वर्षी हॉलंडमध्ये अशा मालाचे पहिले ‘जागतिक दुकान’ उघडले. १९८९ मध्ये या संस्थांचा जागतिक संघ झाला आणि २००० मध्ये भारतातील संस्थांचे व्यासपीठ उभे राहिले.

या जागतिक संघाची दहा तत्त्वे आहेत. सरकारी परिपत्रके वाचून मुरलेल्या आमच्या डोळ्यांना त्यांतील बरीचशी सदिच्छेच्या भाषेत लिहिलेली वाटली. परंतु दोन कलमांपाशी आम्ही थबकलो. एक असे की, हस्तव्यवसायाच्या वस्तूंची मागणी नोंदवताना कारागिराने मागितल्यास निम्मी रक्कम बिनव्याजी आगाऊ द्यावी. दुसरे असे की, कारागिराचा दोष नसताना मागणी रद्द केली, तर तोवर झालेल्या कामाची पुरेशी भरपाई द्यावी. ज्याने ही कलमे लिहिली, त्याने कोणाच्या तरी शेगडीपुढे बसून हिशोब केला असला पाहिजे. पहिल्या कलमासाठी तर परकीय परिभाषेची गरजही नाही. त्याला आपल्याकडे विसार म्हणतात. घर घेताना, बैल घेताना, लग्नाचा आचारी ठरवताना आपण विसार देतो. काकूंना मात्र आम्ही तो दिला नव्हता. बाईमाणूस घरात बसून साखरेचे काही करते, त्याला कसला विसार, अशी समजूत आमच्याही मनात कोठेतरी होतीच.

बोरनहाण थाटात झाले. चिरंजिवांनी बासरी तोंडात घातली आणि मुकुट ओढून काढला. सण सुफळ झाला. दोन दिवसांनी आम्ही कापलेले दोनशे रुपये घेऊन काकूंकडे गेलो. त्यांनी ते घेतले नाहीत. ठरले ते ठरले, असे म्हणाल्या. त्यांच्या पलंगावर एक साज जसाच्या तसा पडलेला दिसला: हार, कंबरपट्टा, बांगड्या, सगळा फिरोजी रंगाचा. पूर्वी हलव्याचा दागिना पांढरा असे, कारण तो काळ्या चंद्रकळेवर खुलायचा. आता साडीचे छायाचित्र पाठवून तिच्याशी जुळणारा रंग मागवण्याची रीत पडली आहे. एका नववधूसाठी फिरोजी साज ठरला होता. संक्रांतीच्या दोन दिवस आधी साडी बदलली, रंग बदलला आणि निरोप आला की नको. पांढरा असता तर दुसऱ्या कोणी घेतला असता. फिरोजी कोण घेणार? रथसप्तमी झाली की पांढराही कोणी घेत नाही.

आम्ही काहीतरी सांत्वनपर बोललो. काकू हसल्या. म्हणाल्या, “भाऊ, सोनं मोडता तरी येते. हे मोडलं तं मुंग्या लागतेत.”

दागिन्याच्या अर्थशास्त्रावर याहून नेमके विधान आमच्या वाचनात आलेले नाही. सोन्याचा दागिना घेणारा आपल्या जोखमीचा विमा धातूतच उतरवतो. रंगीत, हंगामी, हातचा दागिना घेणारा आपली सगळी जोखीम करणाऱ्याच्या अंगावर टाकतो आणि वर तिच्याशी घासाघीस करतो. हंगामाची हौस करण्यात पाप नाही. आपल्या पूर्वजांनीही ती केली. पण हौस आपली आणि तिची बूड दुसऱ्याची, हा व्यवहार न्यायाचा नाही, मग तो याब्लोनेत्समध्ये घडो, कोंडागावात घडो की आमच्या बोरसीत. आपण परमुलखातील मराठी मंडळी वर्षातून एकदा संक्रांतीचा, एकदा गणपतीचा, एकदा दिवाळीचा माल अशाच कोणा काकूंकडून मागवतो. आपल्याला दरमहा एक तारखेला वेतन मिळते आणि वर्षातून दोनदा महागाई भत्ता वाढतो. त्यांना कोणत्या आयोगाच्या शिफारशी लागू आहेत?

यंदा आमच्या मेहुणीची पहिली संक्रांत आहे. मार्गशीर्ष लागताच आम्ही काकूंकडे गेलो. त्यांनी साजाचे पंधराशे सांगितले. आम्ही साडेसातशे पुढे ठेवले. नोटा त्यांनी दोनदा मोजल्या आणि भिंतीवरच्या कालदर्शिकेत त्या दिवसाच्या चौकटीत आकडा लिहिला. मग विचारले, “रंग कोणता धरू?”

आमच्या सौभाग्यवतींच्या पिशवीत साडीचे छायाचित्र होते. त्यांनी ते काढले नाही. म्हणाल्या, “काकू, ज्याला काटा चांगला येईल, तो धरा.”